मोझांबिकची तूर आणि आपला करार : मार्च २०२६ नंतर काय?

मांजराकाठ

सप्टेंबरच्या पावसात आमच्या शिवारातली बरीच तूर उबळली. वाचली ती आता फुलोऱ्यात आहे. तिकडे न्हावाशेव्याला आफ्रिकेची तूर येऊन पडलीसुद्धा. यंदाचा (२०२५-२६) हमीभाव क्विंटलला ८००० रुपये, आणि बाजार समितीतला भाव त्याच्या चांगलाच खाली. अडत्याला विचारावं तर एकच उत्तर, "बाहेरचा माल लई आलाय."

म्हणून हा बाहेरचा माल येतो कसा ते जरा खोदून पाहिलं. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीला २०० रुपये किलोपर्यंत गेली होती, ते सगळ्यांना आठवत असेल. पुढच्या जुलैत पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीला, मापुतोला गेले. भारतीय पंतप्रधान मोझांबिकला जाण्याची ती ३४ वर्षांतली पहिलीच वेळ. तिथे तुरीचा सामंजस्य करार झाला : पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढवत वाढवत २०२०-२१ला २ लाख टन. २०२१ मध्ये तो आणखी पाच वर्षं वाढवला, वर्षाला २ लाख टनांवर. म्यानमारशी १ लाख टनांचा आणि मलावीशी ५० हजार टनांचा असेच करार झाले. तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदतही ३१ मार्च २०२६पर्यंतच दिलेली होती.

तेव्हा प्रश्न असा, की मोझांबिकचा करार पुन्हा करावा का? माझं मत : करू नये. केलाच तर डिसेंबर ते एप्रिल माल उतरवायला बंदी घालून करावा. दुसरं, या दोन देशांच्या संबंधांत डाळीपलीकडे काही आहे का? जाणकारांनी लिहावं. पक्षांवरून भांडायला इथे वेगळे धागे आहेत, तिकडे भांडा.

तिरकस

म्हणजे आमच्या सदाशिव पेठेतल्या साध्या वरणात हिंग अफगाणिस्तानचा आणि तूर मोझांबिकची. उरलं काय, पाणी खडकवासल्याचं.

दाणाबंदर

वाशीच्या बाजारात दलाली करतो, त्यामुळे या विषयावर राहवत नाही. मांजराकाठ साहेब, तुमचा राग समजतो, पण तो चुकीच्या पत्त्यावर चाललाय.

आधी वेळापत्रक बघा. आफ्रिकेची तूर जुलै-ऑगस्टात निघते आणि सप्टेंबरपासून आपल्या बंदरात लागते. तुमची नवी तूर डिसेंबरअखेर बाजारात दिसू लागते, खरा जोर जानेवारी ते मार्च. मधले तीन-चार महिने गिरणीवाल्याकडे देशी माल संपत आलेला असतो, तेव्हा तो गजरी घेतो (मोझांबिकच्या तुरीला बाजारात हेच म्हणतात), टांझानियाची अरुषा किंवा मटवारा घेतो, नाहीतर बर्माची लेमन. लेमनला भाव जास्त, गजरी स्वस्त. तुमच्या लातूरच्या गिरण्यासुद्धा हीच भरडतात, विचारून बघा.

आता आकडे. करार २ लाख टनांचा. २०२४-२५ मध्ये तुरीची एकूण आयात झाली १२ लाख टनांच्या वर. मग वरचे दहा लाख टन कुठल्या करारातून आले? कुठल्याच नाही. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली आहे आणि दरवर्षी एक अधिसूचना काढून मुदत वाढवतात. शिवाय डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शून्य शुल्कावर येत होता. बेसनात आणि हॉटेलच्या आमटीत तो कसा शिरतो ते सांगायला नको. त्यावर १ नोव्हेंबर २०२५पासून ३० टक्के शुल्क लागलं. भाव पाडला तो या दोन दारांनी.

वऱ्हाडी_ठेचा

दाणाबंदर भाऊ, तुमचं गणित बरोबर असन, पण २०१७ सालचं इसरले काय? आदल्या साली सरकारच म्हणे तूर पेरा, डाळ महाग झाली. आम्ही पेरली. अशी पिकली का घरात तूर, वसरीत तूर, गोठ्यात तूर. हमीभाव होता बोनस धरून ५०५०, आन् व्यापारी मागे ३५००-४०००ले. खरेदी केंद्रावर गेलं तं बारदाना नाही. ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, लोकं तिथंच झोपले. आन् त्याच साली परदेशाशी करार करून ठेवलेला, का आमी तुमची तूर घेऊ. मले सांगा, आमची घ्यायले पोतं नाही आन् त्याईले वचन?

मांजराकाठ

+१ वऱ्हाडी भाऊ. हेच म्हणायचं होतं.

नाकाला_ते_नागपूर

वऱ्हाडी भाऊंनी २०१७ काढलंच आहे तर त्याची दुसरी बाजू लिहितो. त्या काळात मी नांपुला प्रांतात एका निर्यातदाराकडे नोकरीला होतो.

मोझांबिकची तूर येते ती उत्तरेच्या भागातून, नांपुला, झांबेझिया आणि नियासा या प्रांतांतून. शेतकरी छोटा, दोन-एक हेक्टरच्या आतला. कुदळीने कसतो आणि मक्यात तूर लावतो, आपल्याकडे कपाशीत लावतात तशीच. तिथे तिला फेजांव बोएर म्हणतात. हिरव्या शेंगा थोड्या उकडून खातात, पण डाळ करून रोज खाणारं तिथे कोणी नाही. पिकते ती जवळजवळ सगळी विकायला, आणि विकत घेणारा देश एकच. गुरुए, मोकुबा या भागांत गावोगावच्या दुकानदाराकडे ती जमा होते. तिथून ट्रकने नाकाला बंदरात जाते आणि कंटेनर भरून आपल्याकडे येते.

तर ५ ऑगस्ट २०१७ला भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. तारीख बघा. त्यांचं पीक नेमकं तेव्हाच निघत होतं. सरकारी करारातला माल या मर्यादेबाहेर होता, पण तो कागदावर. गावात बातमी पोहोचली ती एवढीच, की भारताने दार लावलं. भाव असा कोसळला की काहींनी शेंगा झाडावरच सोडल्या, तोडणीची मेहनतही निघेना. तिथे ना हमीभाव, ना बाजार समिती, ना रांगेत उभं राहायला खरेदी केंद्र. पुढच्या हंगामात बऱ्याच जणांनी तूर सोडून तीळ धरला.

वऱ्हाडी भाऊ, तुम्ही रांगेत झोपलात हे खरंच. पण ज्यांना वचन दिलं असं आपण समजतो, त्यांच्याही पदरात त्या साली काही पडलं नाही.

सुनीती_प्र

नाकाला_ते_नागपूर, फार चांगला प्रतिसाद. मग करार नक्की कोणाच्या उपयोगाचा आहे? दोन्हीकडचे शेतकरी रडले तर मधल्या मध्ये हसलं कोण?

नाकाला_ते_नागपूर

सुनीतीताई, ज्याच्याकडे गोदाम आणि परवाना होता तो. मर्यादा घातली की परवाना दुर्मीळ होतो, आणि दुर्मीळ गोष्टीला किंमत येते. २०२३च्या शेवटी तर तिथल्याच खाजगी कंपन्यांच्या कोर्टबाजीत तुरीचे कंटेनर नाकालात अडकून पडले होते. इकडे डाळ महागत होती म्हणून भारत सरकारला मापुतोकडे विषय काढावा लागला. तेवढ्यात टांझानियाच्या मालाने जागा भरून काढली.

मांडवीकाठ

धागाकर्त्याने विचारलं आहे, डाळीपलीकडे काय. आम्हा गोवेकरांसाठी मोझांबिक म्हणजे आजोबांच्या पत्रांवरचं तिकीट. १७५२ पर्यंत त्या पोर्तुगीज वसाहतीचा कारभार गोव्याहूनच चाले. गव्हर्नर इथला, हुकूम इथले, तिथल्या बंदरांत दीवचे वाणी आणि कारकुनीला गोंयकार. म्हापशाचा मानुएल आंतोनियु द सौझा तर १९व्या शतकात झांबेझीच्या खोऱ्यात स्वतःची फौज बाळगून राज्य करत होता. त्यात अभिमान वाटावा असं काही नाही. शिकारीच्या आणि लुटीच्या जोरावरचं राज्य होतं ते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने त्याचा सूड मोझांबिकमधल्या भारतीयांवर उगवला. भारतीय नागरिकत्व असलेल्यांना, त्यात गुजराती व्यापारी जास्त, छावण्यांत कोंडलं, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढे देशाबाहेर काढलं. हा भाग आपल्या शाळेच्या पुस्तकात येत नाही.

दुसरीकडे आकिनो द ब्रागांसा. जन्म गोव्याचा, १९२४चा. पत्रकार, फ्रेलिमोचा (मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या संघटनेचा) साथी, पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचा विश्वासू सल्लागार. मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र त्यांनी उभं केलं. १९ ऑक्टोबर १९८६ला दक्षिण आफ्रिकेतल्या म्बुझिनीच्या डोंगरात माशेल यांचं विमान पडलं, त्यात आकिनोही गेले. २५ जून १९७५ला देश स्वतंत्र झाल्याबरोबर भारताशी राजनैतिक संबंध जुळले आणि १९८२ या एकाच वर्षात माशेल दिल्लीला आले, इंदिरा गांधी मापुतोला गेल्या. हा जिव्हाळा वसाहतवादाविरुद्धच्या लढ्यातला होता. तुरीचा तेव्हा कोणी उल्लेखही केला नसेल.

तिरकस

आणि आता जिव्हाळ्याचं वजन टनात होतं. असो, मांडवीकाठ, पत्रांवरच्या तिकिटांचा वेगळा धागा काढा, वाट बघतो.

खाणपट्टा

उशिरा येतोय. डाळीपलीकडचं, पण मातीखालचं.

मोझांबिकच्या तेते प्रांतात जगातल्या मोठ्या कोकिंग कोळशाच्या साठ्यांपैकी एक आहे. पोलादासाठी आपल्याला तो कोळसा लागतो आणि आपल्याकडे तो चांगल्या प्रतीचा नाही. २०११ मध्ये रिओ टिंटोने तिथली कंपनी जवळपास ४ अब्ज डॉलरला घेतली. बेत असा होता की कोळसा बार्जमधून झांबेझी नदीने समुद्राला न्यायचा. मोझांबिक सरकारने ती परवानगी दिली नाही. मग उरली रेल्वे, आणि तिची क्षमता तोकडी. २०१३च्या सुरुवातीला रिओने सुमारे ३ अब्ज डॉलर बुडीत दाखवले आणि त्यांच्या मुख्य अधिकाऱ्याला खुर्ची सोडावी लागली. पुढच्या वर्षी आपल्या सरकारी कंपन्यांच्या आयसीव्हीएलने तीच मालमत्ता घेतली, किंमत ५ कोटी डॉलर. बेंगा खाणीत टाटा स्टीलचा ३५ टक्के वाटा आधीपासून होताच. शेजारची मोआतिझे खाण ब्राझीलच्या वालेने २०२२ मध्ये जिंदाल गटातल्या व्हल्कनला विकली.

स्वस्तात मिळालं म्हणून आपण टाळ्या पिटल्या, पण कोळसा खाणीत असून उपयोग नाही, बंदरात आला पाहिजे. आणि इथे आपलं नाक कापलं गेलेलं आहे. तेतेहून बैरा बंदराला जाणारा सेना रेल्वेमार्ग यादवी युद्धात उद्ध्वस्त झाला होता. त्याच्या दुरुस्तीचं आणि चालवण्याचं काम २००४ मध्ये मिळालं होतं राइट्स आणि इर्कॉन या आपल्याच सरकारी कंपन्यांना. काम रेंगाळलं, दर्जाबद्दल तक्रारी झाल्या आणि शेवटी मोझांबिकने तो करार मोडला. जिथे आपण खरोखर उपयोगी पडू शकलो असतो, तिथेच आपण कच्चे निघालो. चीनला नावं ठेवण्याआधी हे आठवावं.

वायूचं थोडक्यात : काबो देल्गादोच्या समुद्रातल्या 'एरिया १' या वायूक्षेत्रात ओव्हीएल (ओएनजीसी विदेश), भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया मिळून ३० टक्के मालकी आपली आहे, चालवणाऱ्या टोटलएनर्जीजपेक्षाही जास्त. त्यातले १० टक्के आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचे होते, ते २.४७५ अब्ज डॉलरला ओव्हीएल आणि ऑइल इंडियाने घेतले. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर अतिरेक्यांचा हल्ला झाला, प्रकल्प साडेचार वर्षं बंद पडला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये टोटलने ती स्थगिती उठवली. एवढा पैसा अडकलेला असताना दिल्ली दरवर्षीच्या २ लाख टन तुरीवरून मापुतोला दुखवेल, असं कोणाला वाटत असेल तर सोडून द्या.

बागायत_वेंगुर्ला

तुमची तूर तशी आमची काजू बी. आफ्रिकन बी आली की आमच्याकडे दर पडलाच. कारखानदार म्हणतो गावची बी पुरत नाही, आणि ते खोटं नाही. शेतकरी म्हणतो आमची चव वेगळी तर दर वेगळा द्या, तेही खोटं नाही.

पण मोझांबिकचं ऐकाल तर कमाल आहे. १९७०च्या सुरुवातीला जगात सगळ्यात जास्त काजू तिथे व्हायचा, आणि फोडायचे कारखानेही तिथेच. युद्धात ते मोडकळीला आले. नंतर १९९५च्या सुमारास जागतिक बँकेने अट घातली की कच्च्या बीवरचा निर्यातकर कमी करा, म्हणजे शेतकऱ्याला चांगला दर मिळेल. कर उतरला, कच्ची बी थेट भारतात यायला लागली आणि तिथले कारखाने पटापट बंद पडून हजारो कामगार, त्यात बायका खूप, घरी बसले. शेतकऱ्याला फार काही मिळालं नाही, कारण घेणारा परत एकच, भारत. १९९९ मध्ये त्यांच्या संसदेने कायदा करून कच्च्या बीवरचा कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांवर नेला. तेव्हा उगाच वाटून घेऊ नका की ते बिचारे आणि आपण दानशूर.

सुनीती_प्र

बागायतकाका, हे माहीत नव्हतं. पण एकच बाजू नको म्हणून लिहिते : मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा सगळ्यात आधी मदतीला पोचलेल्यांत आपल्या नौदलाच्या सुजाता आणि शार्दूल आणि तटरक्षक दलाची सारथी या बोटी होत्या. तिथल्या दवाखान्यांत भारतीय औषधं भरपूर असतात. सगळंच व्यवहाराचं नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. खाणपट्टा, वायूमुळे दिल्ली दुखवणार नाही हे पटलं, पण मग आमचा बळी का? दाणाबंदर साहेब, सरळ सांगा. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की आयात शुल्क आपोआप चढावं, अशी व्यवस्था केली तर? करार राहू द्या, शुल्क लावा.

दाणाबंदर

ऐकायला छान आहे, पण मोझांबिकला लागू होणार नाही. २००८ मध्ये दिल्लीत पहिली भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली, तिथे आपण अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कात सूट जाहीर केली. मोझांबिक, टांझानिया, मलावी, सुदान, सगळे त्या यादीत. मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के शुल्क लावलं होतं, तेव्हाही आफ्रिकेचा माल बिनशुल्क येतच होता. म्हणून तर ऑगस्टमध्ये टनांची मर्यादा घालावी लागली.

आता या मर्यादेतून सूट कोणाला? ज्याच्याशी सरकारी करार आहे त्याला. म्हणजे बघा, आयात खुली असते तेव्हा कराराला कोणी विचारत नाही, बारा लाख टन तसेच येतात. करार कामाला येतो तो फक्त दार बंद असताना. आणि दार बंद कधी होतं? आपल्याकडे तूर उदंड पिकून भाव मातीत जातो तेव्हा. थोडक्यात, तुमच्या सगळ्यात वाईट वर्षी मोझांबिकचे २ लाख टन आत येणार, याची ती हमी आहे. मी आधी म्हणालो राग चुकीच्या पत्त्यावर आहे, ते यंदापुरतं. २०१७ सारखं साल आलं तर पत्ता बरोबर आहे.

वऱ्हाडी_ठेचा

हे आता कोणी तरी सरळ सांगतलं. म्हणजे छत्री अशी का आपल्यावर पाऊस पडला का ते त्याईच्या डोक्यावर उघडते.

नाकाला_ते_नागपूर

त्यांच्याही डोक्यावर पूर्ण उघडत नाही भाऊ, ते वर लिहिलंच आहे. पण दाणाबंदर साहेबांचा मुद्दा मान्य. मी करार पूर्ण रद्द करण्याच्या विरुद्ध आहे, कारण पुन्हा एखादं २०१५ आलं की आपणच हात पसरत जाणार. तेव्हा ते तीळ पेरून बसलेले असतील, आणि तिळाला चीनसारखं गिऱ्हाईक आहे.

मांजराकाठ, तुमची महिन्यांची अट मला पटते. ऑगस्ट ते नोव्हेंबर उतरेल तेवढाच माल करारातला धरा, नंतरचा नाही. त्यांचं पीकच तेव्हा निघतं, त्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान नाही. अडचण होईल ती भाव चढायची वाट बघत नाकालात माल दाबून ठेवणाऱ्यांची.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे पेरणी पावसावर होते, नोव्हेंबर ते जानेवारी. म्हणजे गुरुएचा शेतकरी आत्ता बी टाकतोय. आपली अधिसूचना मात्र दरवर्षी मार्चअखेरच्या मुदतीवर टांगलेली. तो पेरतो तेव्हा त्याला माहीत नसतं की काढणीला दार उघडं असेल की बंद. तुम्ही जूनमध्ये पेरता तेव्हा तुम्हालाही माहीत नसतं की वर्षभरात किती माल येणार. निर्णय काहीही घ्या, पण तीन वर्षांचा एकदम घ्या आणि पेरणीआधी सांगा. एवढं केलं तरी दोन्हीकडचे शेतकरी निदान डोळे उघडे ठेवून पेरतील.

खाणपट्टा

तीन वर्षांचं धोरण कोणतंही सरकार देणार नाही. डाळीचा भाव हा मतांचा विषय आहे. शहरातली गृहिणी विरुद्ध लातूरचा शेतकरी, यात कोण जिंकतं ते आपण पाहत आलोय.

सुनीती_प्र

शहरातली गृहिणी इथे हजर आहे. मला १२० रुपयांची डाळ १४० झाली तर चालेल, २०० झाली तर नाही. पण मला कोणी विचारलेलं नाही.

मांजराकाठ

ताई, तुमचं हे वाक्य कृषिमूल्य आयोगाला पाठवायला हवं. माझं मत आता असं : करार करा, पण महिन्यांच्या अटीवर, आणि ज्या वर्षी आपलं सरकार स्वतःच्या शेतकऱ्याची तूर हमीभावाने उचलू शकलं नाही त्या वर्षी सूट नाही. डाळींच्या नव्या मोहिमेत चार वर्षं सगळी तूर हमीभावाने घेऊ असं केंद्राने म्हटलं आहे. ते पाळलं तर माझी मोझांबिकबद्दल काही तक्रार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ते पाळतीन तवा पाळतीन. दाणाबंदर भाऊ, यंदा नोंदणी कुठं करा लागते ते सांगा ना. मागच्या खेपेले आमच्या गावातल्या अर्ध्या लोकाईचे अर्ज परत आले.

दाणाबंदर

नाफेडची असेल तर ई-समृद्धी पोर्टलवर, नाहीतर तुमच्या खरेदी-विक्री संघात जाऊन. अर्ज परत येतात ते बहुतेक सातबाऱ्यावर तुरीचा पेरा नसतो म्हणून. कपाशीत आंतरपीक म्हणून घेतलेली तूर लोक ई-पीक पाहणीत लावतच नाहीत, नुसती कपाशी लावतात. तुमची राहिली असेल तर उद्याच तलाठ्याला गाठा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही बघून घ्या.